एका माणसाचा भात

प्लॅस्टिकचा शोध कुणी आणि कशासाठी लावला याबद्दल शास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत. तो केवळ आपला अपमान करण्यासाठी लावला गेला, अशी माझ्या थोरल्या नणंदेची पक्की समजूत आहे. ही समजूत त्यांनी कधी लपवून ठेवलेली नाही. लग्नात, बारशात, एसटीत, दवाखान्यात, जिथे म्हणून एखादा गरम पदार्थ प्लॅस्टिकच्या भांड्यात घातलेला दिसेल तिथे त्या संतापतात. आणि त्यांचा संताप इतरांच्या संतापासारखा येऊन जाणारा नाही. तो येतो आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा पाय पसरून बसतो. माझ्या नवऱ्याची ही सख्खी बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. तो तिला आक्का म्हणतो म्हणून मीही आक्का म्हणते. अख्खं राजूर त्यांना आक्काच म्हणतं, त्यात त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही आली.

राजूरच्या बाजारपेठेत आक्कांचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गल्ल्यावर बसत आणि आक्का भांडी विकत. विकत म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. समोरच्या माणसाला कुठलं भांडं द्यायचं आणि कुठलं नाही, ते त्या ठरवत. डोंगरातल्या गावावरून कुणी पोरीच्या लग्नाची भांडी घ्यायला आला की आक्का आधी त्याला बसवून त्याची उलटतपासणी घेत. "सासरी खानारी मान्सं किती? चूल हाय का ग्यास? पोरगी स्वयंपाकाला घाईची हाय का निवांत?" उत्तरं मनासारखी मिळाली की मग हाताने पातेलं उचलून, बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारून, कानाशी धरून त्याचा नाद ऐकत, आणि "ह्ये न्या" म्हणत. गिऱ्हाईक पातळ बुडाचं स्वस्त पातेलं मागायला लागलं तर त्या सरळ सांगत, "तसलं समोरच्या दुकानात मिळंल. भात करपला की हिकडं रडत येऊ नका म्हंजे झालं." दाजी गल्ल्यावर कपाळाला हात लावून बसत. पण गंमत अशी की माणूस समोरच्या दुकानात जात नसे. आपल्या पोरीच्या भाताची एवढी काळजी करणारी बाई त्याला दुसरीकडे कुठे भेटणार?

अशा माणसाच्या आयुष्यात प्लॅस्टिक आलं ते आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, टेम्पोत बसून, भोंगा लावून. टोपल्या, बादल्या, घमेली, डबे, जग, सगळं लाल-पिवळं-निळं, आणि टेम्पो उभा राहिला तो नेमका आक्कांच्या दुकानासमोर. सकाळपासून भोंगा ओरडत होता. दुपारी आक्का उठल्या, दुकानात चहासाठी ठेवलेलं आधण स्टोव्हवरून उचललं आणि तशाच रस्ता ओलांडून टेम्पोपाशी गेल्या. म्हणाल्या, "जग दाव बरं एक." त्या बिचाऱ्याने हसतमुखाने जग पुढे केला. आक्कांनी त्यात उकळतं पाणी ओतलं. सगळ्या बाजारादेखत जग आधी कंबरेत वाकला, मग एका बाजूला कलला. "ह्याच्यात गरम वरन घालशील? पोराला दूध देशील ह्याच्यात?" आक्कांनी विचारलं. बाजार खो-खो हसला. बाया-माणसं पोट धरून हसली, आणि हसून झाल्यावर त्याच टेम्पोतून टोपल्या आणि बादल्या घेऊन आपापल्या गावाच्या जीपमध्ये चढली. ही गोष्ट सांगताना दाजींना हसू आवरत नसे. आक्का मात्र आजही ती सांगताना लाल होतात. "आगं, डोळ्यांनी बघून बी घ्येतलं! डोळ्यांनी बघून!"

त्यानंतर त्यांनी साऱ्या दुनियेवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या पिशवीत कायम स्टीलचा एक पेला असतो. एसटी स्टँडवरच्या चहावाल्याने प्लॅस्टिकच्या कपात चहा ओतला की त्या पेला पुढे करतात, आणि नुसता पुढे करून थांबत नाहीत, रांगेतल्या बाकीच्यांनाही झाडतात. कुणी पार्सल चहा पिशवीत बांधून नेताना दिसला की त्याला अडवून विचारतात, "आरं, ही पिशवी तू तोंडात घालून चघळशील का? मग तिच्यात उकळून काढलेलं कसं काय पितो?" माझ्या माहेरच्या एका बारशाला जेवणानंतर राहिलेलं गरम वरण आणि भात पिशव्यांत भरून पाहुण्यांना द्यायचं चाललं होतं. आक्का तिथे उभ्या राहून म्हणाल्या, "बारशाला आलोय का तेराव्याला? लेकराच्या नावानं इख वाटताय व्हय?" माझी वहिनी रडायला लागली. नवरा बाहेर जाऊन गाडीत बसला. आणि मी, माझ्याच माहेरात, वरणाच्या पातेल्यापाशी उभी राहून मनात ठरवलं की या बाईला मी पुन्हा कुठेही, कधीही घेऊन जाणार नाही. आक्कांनी मात्र मांडवातून स्टीलचे डबे गोळा केले, स्वतः पदर खोचून सगळ्यांना वरण भरून दिलं, आणि जाताना वहिनीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "पोरगं लई ग्वाड हाय. डबं मातुर परत माग बरं का."

दाजी गेल्यावर दुकान चालेना. गुडघ्यांमुळे आक्कांना माळ्यावर चढून भांडी उतरवणं जमेना, मुलगी बडोद्याला, आणि राजूरमध्येही आता लोक लग्नात प्लॅस्टिकच्या डब्यांचे संच द्यायला लागलेले. शेवटी त्यांनी गाळा भाड्याने दिला. घेणाऱ्याने त्यात मोबाईलचं दुकान टाकलं आणि दर्शनी भागात, जिथे आक्कांचे तांब्याचे हंडे लखलखत असत तिथे, मोबाईलची प्लॅस्टिकची कव्हरं टांगली. आक्का मागच्या घरात राहतात. पुढच्या दाराने जायचं तर ती कव्हरं दिसतात, म्हणून त्या बोळातून मागच्या दाराने ये-जा करतात. नवरा म्हणाला, "अगं आक्का, मोबाईलच्या कव्हरमध्ये कुणी वरण शिजवत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "आज न्हाई. उद्या बघ तू."

तर या आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नगरला आमच्याकडे राहायला आल्या.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. सकाळी आमच्या घरात जी धावपळ असते तिच्यात मला जर कुणाचा आधार असेल तर तो माझ्या मायक्रोवेव्हचा. त्यासोबत मी भात करायचं एक खास भांडं घेतलेलं आहे, प्लॅस्टिकचं, झाकणाला वाफ जायला भोक असलेलं. तांदूळ धुवायचे, पाणी घालायचं, आत ठेवायचं, बटण दाबायचं आणि अंघोळीला जायचं. परत येईपर्यंत भात तयार. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, गॅस बारीक करायचा नाही. माझ्या आयुष्यात इतकं इमानी माणूस दुसरं कुणी आलेलं नाही, आणि हे मी नवऱ्यासमोर म्हणते.

आक्का पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात आल्या तेव्हा आतलं भांडं गोल फिरत होतं. त्या खाली वाकून काचेतून बघत राहिल्या. बराच वेळ बघितल्यावर म्हणाल्या, "ह्ये काय फिरवत बसलीस?"

"भात आहे, आक्का."

"जाळ कुठंय?"

"त्याला जाळ लागत नाही. आतल्या आत शिजतो."

"आन् भांडं कशाचं?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवढ्यात मशीन वाजलं. आक्कांनी दार उघडलं, भांड्याला बोट लावलं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना राजूरचा तो टेम्पो आठवला असावा. "बाई गं," त्या म्हणाल्या, "रोज खाता? माझा भाऊ रोज खातो ह्ये?"

मला राग आला. का येऊ नये? मला सांगा, सकाळी उठून डबे भरून, दिवसभर लोकांच्या ठेवी आणि तक्रारी सांभाळून येणाऱ्या बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात कसा भात करावा, हे कुणी तिसऱ्याने येऊन सांगायचं? मी म्हटलं, "आक्का, हे भांडं मायक्रोवेव्हसाठीच केलेलं आहे. तसं त्यावर लिहिलंय." त्या म्हणाल्या, "लिव्हनाऱ्याचं काय जातंय? पातळ पत्र्यावर बी लिव्हत्यात, जाड बुडाचं म्हनून." आणि मग त्यांनी फ्रिज उघडला.

फ्रिजमध्ये माझे आईस्क्रीमचे डबे होते. श्रीखंडाचेही होते. ते मी धुऊन ठेवते, त्यांत उरलंसुरलं भरते आणि तसेच मायक्रोवेव्हमध्ये गरम करते; कुठली बाई करत नाही? आक्कांनी एकेक डबा बाहेर काढला आणि खाली काय लिहिलंय ते बघायला उलटा केला. आमटीचा डबाही उलटा केला. झाकण सैल होतं. आमटी ओट्यावरून खाली, खालून आक्कांच्या पायावर, आणि तिथून फरशीवर. मी कपडा घेऊन खाली बसले आणि त्या डोक्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "बघ, डब्याला हळद कशी चिकाटलीया. घासून निघंना. आगं, हळद आत शिरती, तर आतलं भाईर येत नसंल?"

मी आणखी चिडून फरशी पुसत राहिले.

त्या रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला न्यायाधीश नेमण्यात आलं. त्याने चष्मा लावला, सगळी भांडी समोर मांडली, एकेकाच्या बुडाखाली बघितलं, मोबाईलवर काहीबाही वाचलं आणि निकाल दिला: भाताच्या भांड्यावर मायक्रोवेव्हला चालतं अशी खूण आहे, त्यामुळे ते चालेल; पण आतून खूप चरे पडलेत, तर बदललेलं बरं. आईस्क्रीमच्या आणि श्रीखंडाच्या डब्यांवर तशी खूण नाही. ते थंड पदार्थांसाठी असतात, त्यात काही गरम करू नये. सगळ्यांत बिनघोर म्हणजे काचेचं. हा निकाल ऐकून आक्का मला म्हणाल्या, "ऐकलंस?" आणि त्याच वेळी मी आक्कांना म्हणाले, "ऐकलंत?" दोघीही जिंकलो होतो, त्यामुळे भांडण मिटण्याची काही शक्यता उरली नाही. मी डबे काढून टाकले, पण भाताचं भांडं काही सोडलं नाही. आक्का भाताला हात न लावता भाकरी खात राहिल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंब दिले आणि काही दिवस धूर, वाफ, जाळ यांच्याजवळ जायचं नाही असं बजावलं. म्हणजे गॅस बंद. आक्का गॅलरीत खुर्ची टाकून काळा चष्मा लावून बसत आणि सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातातल्या पिशव्या एका डोळ्याने तपासत. आमची दोघांची रजा संपली. निघताना मी भाकरी, भाजी आणि वरण झाकून ठेवलं, भात त्या भांड्यात घालून मशीनमध्ये ठेवला, आणि म्हटलं, "आक्का, जेवताना हे एवढं बटण दाबा. मिनिटभराने आपोआप बंद होईल. गॅसला हात लावायचा नाही." त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. काळ्या चष्म्यामुळे माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

दुपारी त्यांचा फोन आला. "तू घरी ये. तुझं खोकं फुटलं."

मी रिक्षा करून घरी आले. घरभर जळका वास. मशीनचं दार उघडं, आतल्या एका बाजूला काळा डाग, आणि मधोमध फिरत्या ताटलीवर, राजूरच्या दुकानातला, जाड बुडाचा, झाकणाचा, स्टीलचा डबा. माझा भात प्लॅस्टिकच्या भांड्यातून काढून त्यांनी आपल्या डब्यात घातला होता, झाकण घट्ट लावलं होतं आणि बटण दाबलं होतं. आत विजा चमकायला लागल्या, तडतड आवाज झाला, तरीही त्यांनी जरा वेळ वाट बघितली, कारण शिजताना थोडा आवाज व्हायचाच अशी त्यांची कल्पना. मग धूर आला तेव्हा त्यांनी, शहाणपणाने, भिंतीवरचं बटण बंद केलं.

"आक्का, तुम्हाला काही झालं नाही ना?" हे मी आधी विचारलं, याची कृपा करून नोंद घ्यावी. "मला काय व्हतंय," त्या म्हणाल्या. मग मात्र मी जे बोलायला सुरुवात केली ते शेजारच्या इमारतीपर्यंत गेलं असणार. यात धातू घालायचा नसतो, आग लागली असती, घर पेटलं असतं, डोळा गेला असता, प्लॅस्टिक प्लॅस्टिक करून शेवटी धोका कुणी ओढवला? आक्का शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्या उठल्या, डबा उचलला, पदराने पुसला, टिचकी मारून त्याचा नाद ऐकला, आणि माझ्याइतक्याच संतापाने म्हणाल्या, "डब्याला कायबी झालं न्हाई. जे खोकं स्टीलला भितं, त्याच्यात अन्न शिजवायचं? आन् वर मलाच बोलायचं?"

त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोलणं सोडलं. जे काय सांगायचं ते नवऱ्यामार्फत. "आक्कांना विचार, थेंब घातले का." "तिला सांग, घातलं." नवरा आम्हा दोघींच्या मधे बसून जेवत होता आणि जेवत कमी, निरोप जास्त पोचवत होता. मशीन दुरुस्तीला गेलं. दुरुस्तीवाल्याने आतली जळालेली पट्टी बदलून ते परत आणलं, आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, स्टील ठेवत जाऊ नका." मॅडम! मला!

हे आक्कांनी गॅलरीतून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मला बाजारात न्ये. आन् हिला बी घे." चितळे रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात त्या काळा चष्मा लावून शिरल्या, आणि आत शिरल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. गुडघे विसरून त्या फळ्यांसमोरून चालत गेल्या. मालकाने प्लॅस्टिकचे डबे दाखवले, त्यांनी हातानेच बाजूला सारले. "काचंचं दाव. त्या खोक्यात चालनारं." त्याने काचेचं वाडगं दिलं. आक्कांनी ते उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं, टिचकी मारली आणि कानाशी नेलं. मालक म्हणाला, "आजी, काय बघताय?"

"आवाज."

"काचेचा?"

"बोलतंया सगळंच. ऐकनारा पायजे." मग त्यांनी त्याला विचारलं, "ह्ये खोक्यात तडकंल का?" तो म्हणाला, "एकदम फ्रिजमधून काढून ठेवू नका, मग नाही तडकणार." आक्का माझ्याकडे वळल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलल्या. "ऐकलंस? पक्का मानूस हाय. खोटं बोलला आसता तर म्हनला आसता, कशानंबी तडकनार न्हाई." घेतलं ते त्यांनीच घेतलं, मला पर्स उघडू दिली नाही.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की आज भात त्या करणार. त्यांच्या ट्रंकेत राजूरकडचा तांदूळ होता, बारीक, पिशवी उघडली की खोलीभर वास पसरणारा. मी बाजूला उभी राहिले; सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी तोंड मिटून होते. पहिल्या खेपेला वाडगं काठोकाठ भरलं आणि सगळं पाणी फेस होऊन उतू गेलं. आक्का दाराच्या काचेवर हात आपटून मशीनला बोलल्या, "आरं, दम धर की!" दुसऱ्या खेपेला पाणी कमी पडलं, भात कच्चट राहिला. "तांदूळ हाय तसाच हाय," त्या म्हणाल्या, "खोक्याला येत न्हाई, मला येतंय, तरी दोघांचं जुळंना." मग मात्र मी पुढे झाले. म्हटलं, "तांदूळ कमी घ्या. वाडगं निम्म्याहून रिकामं ठेवा. वर बशी तिरकी ठेवा, वाफ जायला. आणि झाल्यावर लगेच दार उघडायचं नाही, मुरू द्यायचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मूठभर तांदूळ घेतले, धुतले, मी सांगितलं तसं केलं आणि समोर स्टूल ओढून बसल्या.

भात झाला. मुरला. मी कपड्याने धरून वाडगं बाहेर काढलं, बशी उचलली. शितं सुटी होती, मोकळी, आणि घरभर तो वास. आक्कांनी बोटाने एक शीत उचललं, दोन बोटांत दाबलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण आता त्या काय खोड काढतात ते मला बघायचं होतं.

त्यांनी ते शीत तोंडात टाकलं. वाडग्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एका मान्साचा भात हुतो की गं ह्याच्यात."

"होतो की. म्हणून तर..." मी म्हणत होते, पण त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

नवरा दारात उभा होता. त्याने विचारलं, "आक्का, तू घरी रात्री काय खातेस?"

"खाते की. काय न् काय."

"काय?"

"च्या घ्येते. बिस्कुट खाते. शेजारची पोरगी कवा भाकर आनून देती."

"आणि भात?"

"मूठभर तांदळापायी कुकर कुठं लावायचा? पातेल्यात करायचा तर ग्यासपाशी हुबं ऱ्हावं लागतं, आन् गुडघं ऐकत न्हाईत. जास्तीचा टाकला तर त्योच शिळा दोन दिस." मग वाडगं जवळ ओढत, "तुझं दाजी हुते तवा व्हायचा रोज. त्यास्नी भात लागायचाच."

भाताच्या मुलखात राहणारी, गावोगावच्या पोरींना पातेली निवडून देणारी ही बाई, दाजी गेल्यापासून रात्रीचा ताजा भात जेवली नव्हती. नवरा एकदम बाहेरच्या खोलीत निघून गेला. मी ताट घेतलं, वरण गरम केलं, गॅसवर, आणि तूप काढलं. आक्का ओट्यापाशीच स्टुलावर बसून जेवल्या. वाडग्यातच वरण ओतून घेतलं, ताट नको म्हणाल्या. शेवटचं शीतसुद्धा ठेवलं नाही. "मीठ जरा कमी झालंय," एवढं मात्र बोलल्या, कारण त्या आक्का आहेत.

दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं आणि त्यांना राजूरला सोडायला जाताना नवऱ्याने गाडीत एक लहान मायक्रोवेव्ह ठेवला. आक्कांनी संगमनेर येईपर्यंत भांडण केलं. मला भीक घालता काय, मी काय लुळी हाय, लाईट गेल्यावर काय त्याची पूजा करू. घरी पोचल्यावर मात्र तो कुठे ठेवायचा हे त्यांनी आधीच ठरवलेलं निघालं. तेव्हापासून राजूरमधल्या प्लॅस्टिकविरोधी लढ्याला नवं तोंड फुटलं आहे. मोबाईलच्या दुकानातल्या पोराच्या आईनेही मशीन घेतलं, आणि ती त्यात दह्याच्या डब्यात भात करते हे कळल्यावर आक्का पुढच्या दाराने, ती कव्हरं ओलांडून, तिच्या घरी गेल्या. तिला काचेचं वाडगं दाखवून आल्या, स्टील घालू नको हेही सांगून आल्या. "आत विजा पडत्यात," त्यांनी तिला सांगितलं म्हणे, "आमच्या भावजयीच्या घरी पडल्या हुत्या." माझ्या घरी पडल्या होत्या! कुणी पाडल्या, ते सांगायचं राहिलं.

या थंडीत आम्ही राजूरला गेलो. आक्कांनी मोठं पातेलं चढवलं होतं, गॅसपाशी उभ्या राहून, मधेच एक गुडघा दाबत. पाच-सहा माणसांना पुरेल एवढा भात, कोंबडीचं कालवण, भाकरी. भात तळाला थोडा लागला होता, आणि त्यावरून त्या पातेल्याला, गॅसला आणि नव्या बर्नरला मिळून जे बोलल्या ते ऐकून आम्हाला बरं वाटलं. आम्ही खालची खरपुडीसुद्धा खरवडून खाल्ली. हात धुताना मला फळीवर तो मायक्रोवेव्ह दिसला. वर क्रोशाचा पांढरा रुमाल घातला होता, चारी कोपरे नीट ओढून.

"बिघडला काय गं आक्का?" नवऱ्याने विचारलं.

"बिघडंल कशाला?" त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. "तुमी आलाय न्हवं? मान्सं आसली की त्याला झाकून ठिवते."

निघायला संध्याकाळ झाली. आक्का बोळाच्या तोंडापर्यंत आल्या, गाडीच्या काचेवर टिचकी मारली, "हळू जा" म्हणाल्या, आणि थंडी वाजते म्हणून लगेच वळल्या. गाडी पुढे गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या महिन्यात परत येऊ या. त्याने नुसती मान हलवली. बोळाच्या टोकाला त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि तिथे दिवा लागला होता. मी ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिले. एव्हाना त्यांनी तो रुमाल काढून त्याची घडी घातली असेल.